समजूतदारपणा कोणी दाखवायचा?

सव्वासहा झाले की आमच्या शाखेतली तरुण अधिकारी पर्स उचलून उभी राहायची. टेबल आवरलेलं, ड्रॉवरला कुलूप, दिवसाचं काम पुरं. साल २०१६, पावसाळ्याचे दिवस. मी तेव्हा एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या, तालुक्याच्या गावातल्या शाखेचा व्यवस्थापक होतो. ती दाराकडे निघाली की हेड कॅशिअर चष्म्यावरून बघत आणि कोणाचंच नाव न घेता म्हणत, "आमच्या वेळी साहेब उठल्याशिवाय खुर्ची सोडायची हिंमत नव्हती कोणाची." पहिले काही दिवस तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एका संध्याकाळी दारातूनच वळून म्हणाली, "तुमच्या वेळी पेन्शनही होती, काका."

त्यानंतर दोन महिने अबोला. सहा-सात जणांची शाखा, दोघांच्या टेबलांत जेमतेम आठ फुटांचं अंतर, आणि व्हाउचरं शिपायाच्या हातून इकडून तिकडे जात होती. नेहमीच्या ग्राहकांच्याही ते लक्षात आलं होतं.

घरात कोणी अबोला धरला तर तो मोडायला एखादी आत्या असते, एखादा थोरला चुलतभाऊ असतो. दोन्हीकडे ज्याचा शब्द चालतो असं मधलं माणूस. आमच्या शाखेत ते नव्हतंच. हेड कॅशिअर अठ्ठावन्न वर्षांचे, मी पंचावन्न, दुसरे कारकून छप्पन्न. समोरच्या बाजूला चोवीस, सव्वीस, सत्तावीस. चाळिशीचं कोणीच नाही. त्या काळात ज्या ज्या शाखेत गेलो तिथे मला थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसलं, आणि ते आपोआप तयार झालेलं नव्हतं.

जुलै १९६९ मध्ये चौदा आणि एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गावोगावी शाखा निघाल्या आणि त्या दोन दशकांत मोठी भरती झाली. आमची पिढी तिच्यातली. नव्वदीत संगणक आले, भरती आटली. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सरकारी बँकांतून लाखभर माणसं घरी गेली. त्यानंतरही बरीच वर्षं नवी माणसं तुरळकच आली. २०१० मध्ये डॉ. अनिल खंडेलवाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सरकारी बँकांच्या मनुष्यबळाबद्दल अहवाल दिला आणि निवृत्तीची मोठी लाट येते आहे, पुढची फळी तयार नाही, असा इशारा दिला. २०११ पासून आयबीपीएस या बँक कर्मचारी निवडणाऱ्या संस्थेची सामाईक परीक्षा सुरू झाली आणि एकदम विशीतली मुलं शाखांमध्ये दाखल होऊ लागली. मधली फळी कोरीच राहिली.

कुठल्याही कचेरीत हे चाळिशीचं माणूस दुभाष्याचं काम करतं. नव्या मुलाला ते कँटीनमध्ये सांगतं, "साहेब ओरडतात, पण मनात ठेवत नाहीत." आणि साहेबांना सांगतं, "पोरगी हुशार आहे, जरा सबुरीने घ्या." हा दुभाष्या काढून घेतला तर दोन पिढ्या समोरासमोर येतात आणि एकमेकांची फक्त वाक्यं ऐकतात, अर्थ ऐकत नाहीत. म्हणून 'आजकालची मुलं' किंवा 'ही जुनी खोडं' अशी भाषा कानावर आली की मला त्रास होतो. वीस वर्षांच्या भरतीच्या निर्णयांनी जे घडवलं, त्याचा दोष आपण माणसांच्या स्वभावावर टाकतो.

भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणात असतो. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिची मांडणी केली. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना टिपणं, त्यांतला फरक ओळखणं आणि त्या माहितीचा आपल्या विचाराला नि वागण्याला उपयोग करणं, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. यातला 'माहिती' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. राग ही माहिती आहे. अबोला ही माहिती आहे. प्रशिक्षणवर्गात मात्र हा शब्द गळून पडतो आणि उरतं ते गोड बोलणं, खोल श्वास घेणं, हसतमुख राहणं. दिवसभराच्या वर्गातून परत आलेल्या माणसाला त्याच्या शाखेतला राग काय सांगतो आहे हे वाचता येत नसेल, तर तो दिवस वाया गेला असं मी मानतो.

आमच्या हेड कॅशिअरांचा राग काय सांगत होता? ते १९८२ साली लागले. मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर काढलं जाई. रोजच्या शिलकीवर व्याज द्यायचा नियम १ एप्रिल २०१० पासून आला. यंत्रं येण्याआधी हे व्याज लेजरवरून, म्हणजे खातेवहीवरून, हाताने काढायचं असे. प्रत्येक खात्याची, प्रत्येक महिन्याची नीचांकी शिल्लक शोधायची, प्रॉडक्ट, म्हणजे व्याजासाठीचे गुणाकार, काढायचे, बेरजा करायच्या. सहामाहीला शाखेत रात्री जागवल्या जायच्या. आणि सगळ्या लेजरांची बेरीज एकीकडे नि जनरल लेजरमधला, म्हणजे शाखेच्या मुख्य वहीतला, आकडा दुसरीकडे, असा फरक लागला की ज्याला हाक मारायची तो माणूस म्हणजे हे. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे त्यांना पानं उलटायच्या आधीच कळायचं. शेजारच्या शाखांतून त्यांना बोलावणं यायचं.

मग कोअर बँकिंग आलं, सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक-यंत्रणेवर गेली. दिवसअखेरीचा ताळा यंत्र घालू लागलं. माणूस निवृत्त झाला तर आपण हार घालतो, दोन शब्द बोलतो, श्रीफळ देतो. त्याच्या हातातलं कसब निवृत्त होतं तेव्हा कोणी काही बोलत नाही. एका सोमवारी तो येतो आणि त्याच्या अर्ध्या आयुष्याच्या कमाईची कोणाला गरज उरलेली नसते. उलट प्रत्येक नव्या स्क्रीनसाठी त्याला आपल्या मुलीच्या वयाच्या मुलीला विचारावं लागतं. सव्वासहाला ती उठायची तेव्हा त्यांची अडचण तिच्या जाण्याची नव्हती. ती गेल्यावर यंत्र अडलं तर काय, ही होती. पण असं कोण बोलून दाखवणार? "आमच्या वेळी" हे बोलायला सोपं.

या लाजेची किंमत फार मोठी असते, आणि ती बँकेबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, अशी मेकर-चेकरची पद्धत आहे. प्रत्येकाचा आयडी वेगळा, पासवर्ड गुप्त. ज्याला यंत्राची भीती वाटते आणि विचारायची लाज वाटते तो काय करतो? शेजारच्या पोराला म्हणतो, "माझा पासवर्ड टाक रे आणि करून टाक." नोंद करणारा आणि तपासणारा एकच झाला. पुढे काही घोटाळा निघाला तर निवृत्तीला सहा महिने उरलेल्या माणसाच्या हातात आरोपपत्र पडतं. ज्यांनी उभ्या आयुष्यात एक रुपया इकडचा तिकडे केला नाही अशा माणसांना मी या एका सवयीपायी चौकशीसमोर बसलेलं पाहिलं आहे. भावना ही कामापलीकडची, सवडीने बघायची गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा शेवटपर्यंत चालून बघावा.

आता तिच्या रागाकडे. इंजिनिअरिंगची पदवी, नंतर पुण्यातल्या अभ्यासिकेत दोन वर्षं, तिसऱ्या प्रयत्नात निवड. घरापासून चारशे किलोमीटरवर नेमणूक. कामाचा मोठा भाग विमा विकण्याचा, ज्याचा अभ्यासिकेत कधी विचारही केला नव्हता. आणि पेन्शनबद्दल ती जे बोलली ते झोंबणारं असलं तरी खरं होतं. १ एप्रिल २०१० पासून पुढे बँकेत लागलेल्यांना जुनी हमीची पेन्शन नाही, त्यांच्यासाठी पगारातून वर्गणी कापून घेणारी अंशदायी योजना आहे. एकाच काउंटरवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांच्या म्हातारपणाची तरतूद इतकी वेगळी आहे. आमच्या पिढीने रात्री जागवल्या, रविवार घातले, हे खरंच. पण त्या बदल्यात आम्हाला कायमची नोकरी, हमीची पेन्शन, हाताखाली पुरेशी माणसं, आणि बँकेतला म्हणून गावात एक मान मिळाला. तो सौदा होता आणि तो आम्हाला परवडला. आता सौद्यातली आमची बाजू तेवढी तरुणांना सांगायची आणि समोरून जे मिळायचं ते बदललंय याचा उल्लेख टाळायचा, हे मला प्रामाणिक वाटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा घराघरांत वाद झाले. माझ्या वयाच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. माझ्या मुलाने एवढंच विचारलं, "कोणासाठी?" या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी नसेल तर तास मोजू नयेत.

ती सव्वासहालाच का उठायची, हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही मी विचारलं म्हणून. गावात एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. ती जिल्ह्याच्या ठिकाणी राहत होती आणि तिकडे जाणारी शेवटची एसटी साडेसहाला सुटायची. "आधी सांगायचं नाही का?" मी म्हणालो. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर मुलगी म्हणून सवलत घेते असं झालं असतं. आणि काम पुरं करूनच जात होते ना, सर?" दोन महिने मी तिच्या गप्प राहण्याला घमेंड समजत होतो. व्यवस्थापक म्हणून विचारणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

इथे मला माझं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. आपल्या भाषेत भावनिक बुद्धिमत्तेला जुना शब्द आहे, समजूतदारपणा. तो आपल्या घरांत कोणाच्या वाट्याला येतो ते आठवून पाहा. समजूतदार कोण, तर धाकटी जाऊ. समजूतदार कोण, तर जी मुलगी हट्ट करत नाही, जो भाऊ वाटणी मागत नाही. ज्याच्या हातात काही नसतं त्याच्याकडून आपण समजूतदारपणाची अपेक्षा करतो आणि ज्याच्या हातात सगळं असतं त्याच्या रागाला स्वभाव म्हणतो. कचेऱ्यांनी हीच रीत उचलली. रुजू झालेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, वरिष्ठांशी जुळवून घ्या, त्यांच्या भावना समजून घ्या. वरिष्ठांना कोणी कधी बसवून सांगितलं, की या मुलांच्या भावना समजून घ्या, आणि तसं न केल्यास तुमच्या कामाच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद होईल? "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा" हे सासुरवासाचं तत्त्वज्ञान आहे. ते घरांतून मोठ्या कष्टाने हटवत आणलं, ते कामाच्या जागी अनुभव या नावाने परत येऊ नये.

म्हणून माझं मत असं, की ज्याच्या हातात दुसऱ्याची रजा, बदली आणि वार्षिक अहवाल आहे त्याने आधी समजून घ्यायचं. तरुणांची जबाबदारी आहेच, पण ती दुसरी.

बँकेत हा हिशोब सरळ नसतो, हे मान्य करतो. ती अधिकारी, ते कारकून. पदाने ती मोठी. वयाने, युनियनमधल्या वजनाने, गावातल्या ओळखींनी ते मोठे. चोवीस वर्षांच्या मुलीने अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला काम सांगायचं कसं? ती त्यांना 'काका' म्हणायची, आदराने. त्यांना ते लागायचं. घरी काका असलो तरी इथे हेड कॅशिअर आहे, असं ते एकदा माझ्यापाशी बोलले. आणि ते स्वतः तिला ग्राहकांसमोर 'मॅडम' म्हणत आणि आत आल्यावर 'अगं' म्हणत, मायेने. तिला ते लागायचं. दोघांचाही हेतू चांगला होता आणि दोघेही दुखावत होते. मी दोघांना वेगवेगळं बोलावून हे सांगितलं तेव्हा दोघांनाही खरंच आश्चर्य वाटलं. ती 'सर' म्हणू लागली, ते आत-बाहेर दोन्हीकडे 'मॅडम' म्हणू लागले. थोडं कोरडं झालं नातं, पण चालू झालं.

आणखी एक गैरसमज तरुणांच्या बाजूने असतो. पस्तीस वर्षं कारकूनच राहिला म्हणजे माणसाला उमेद नाही, असं त्यांना वाटतं. बढती घेतली की बदली, आणि बदली म्हणजे शेती, आईवडील, मुलांची शाळा सोडून जाणं. अनेकांनी विचारपूर्वक बढती नाकारली. आमच्या हेड कॅशिअरांनी अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी दोनदा नाकारली होती. तिला हे ठाऊक नव्हतं, जसं त्यांना एसटीचं ठाऊक नव्हतं.

मग ८ नोव्हेंबर २०१६ आला. नोटाबंदीच्या त्या दिवसांत माणशी चार हजारांच्या जुन्या नोटा बदलून घेण्यासाठी रांग पार बाजारपेठेपर्यंत गेली होती. फाटक्या, मळक्या शंभराच्या नोटा मोजताना यंत्र सारखं अडायचं. आणि हेड कॅशिअरांची बोटं अडत नव्हती. ती शेजारी बसून फॉर्म आणि ओळखपत्रं तपासत होती, चिडलेल्या माणसांना शांत करत होती. त्या दिवसांत तिची एसटी रोज चुकायची आणि रोज कोणीतरी तिला सोडून यायचं. सगळं मिटलं असं मला वाटलं. फेब्रुवारीत गर्दी ओसरली आणि जुने टोमणे परत सुरू झाले. संकटात माणसं एकत्र येतात म्हणतात, ते खरं आहे, पण ते टिकत नाही, कारण संकटात दोघांचं कसब एकमेकांना दिसतं आणि रोजच्या कामात ते पुन्हा झाकलं जातं. रोजच्या कामाची मांडणीच बदलायला हवी होती.

कर्जाची कागदपत्रं मी दोघांकडे मिळून दिली. तिला सातबारा वाचता येत नव्हता. नावाआधी 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असलं तर ती जमीन त्या एकट्याची नाही, एकत्र कुटुंबाची आहे, भावांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. इतर हक्काच्या रकान्यात कोणत्या सोसायटीचा बोजा आहे. फेरफार कधीचा आहे. हे त्यांनी तिला शिकवलं. तिने त्यांना यंत्रावरची एकेक कृती वहीत मराठीत लिहून दिली, कोणती कळ आधी आणि कोणती नंतर, अशी. ती वही त्यांच्या ड्रॉवरमध्ये असायची आणि पासवर्ड त्यांचा त्यांच्यापाशी. २०१७ च्या जूनमध्ये शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, पुढे खातेदारांची माहिती तपासून ऑनलाइन भरायचं काम आलं. एकाच नावाचे तीन खातेदार, त्यातला कोण वारला, कोणाचं खातं मुलाने नवंजुनं करून, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलून, घेतलं, हे त्यांना तोंडपाठ. तक्ते तिचे. त्या कामात त्यांना एकमेकांची गरज होती आणि ती रोज दिसत होती. गोड बोला असं मी कोणालाच सांगितलं नाही.

प्रत्येक वेळी हे जमलं असं नाही. आधीच्या शाखेत एका तरुण अधिकाऱ्याची नोंद चुकली होती आणि मी ग्राहकांसमोर त्याला त्याच्या पदवीवरून बोललो. त्याने मान खाली घातली, दुसऱ्या दिवसापासून चुका लपवू लागला, वर्षभरात बदली मागून गेला. त्या एका वाक्याची मला आजही खंत आहे. त्याची क्षमा मागायला मला उशीर झाला.

काही मित्र म्हणतात, हे सगळं म्हणजे माणसं न भरता आहे त्यांच्याकडून काम काढण्याची युक्ती. त्यांचा राग योग्य आहे. पाच जणांचं काम दोघांवर टाकलं तर कितीही समजून घेतलं तरी संध्याकाळपर्यंत दोघे एकमेकांवर खेकसणारच, आणि ते खेकसणं हीसुद्धा माहितीच आहे, माणसं कमी असल्याची. ती माहिती व्यवस्थापकाने वर कळवली नाही आणि खाली फक्त संयम शिकवला, तर तो भावनांचा गैरवापर आहे. रिकाम्या जागा भरा, ही मागणी आणि एकमेकांना नीट वागवा, ही मागणी मला एकाच अर्जात लिहायची आहे.

ती मुलगी आता स्वतः शाखा सांभाळते. हेड कॅशिअर २०१८ मध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी त्या वहीचा उल्लेख केला होता. मध्यंतरी तिचा फोन आला. नवीन रुजू झालेला एक मुलगा बरोबर सहाला उठतो, म्हणाली. मंगळवारी शाखेत गर्दी असते, तरी उठतो.

"एसटी असेल," मी म्हणालो.

"तसंच वाटलं मला, म्हणून विचारलं. तसं काही नाही, सर. तो व्यायामशाळेत जातो."

"मग?"

"मला जरा खटकलं. पण काम झालं होतं त्याचं. गेला तो."